स्वयंपाकघराची पुनर्रचना : हवा, उजेड आणि कामाचा क्रम

१. अग्नी बदलला, खोली तीच राहिली

जुन्या घरातील स्वयंपाकघर आज पाहणाऱ्यास अंधारे, कोंदट आणि गैरसोयीचे वाटते. ते बांधणाऱ्यांना सोयीची जाण नव्हती, असा निष्कर्ष मात्र त्यावरून काढणे योग्य होणार नाही. ती खोली एका विशिष्ट अग्नीसाठी बांधलेली होती. लाकूड आणि गोवऱ्या जाळणारी चूल जमिनीवर असे, म्हणून स्वयंपाक करणारी व्यक्ती पाटावर बसून काम करी. वाऱ्याने जाळ फडफडू नये म्हणून खिडकी लहान ठेवीत. धूर कौलांच्या फटींतून किंवा छपराजवळच्या गवाक्षातून हळूहळू बाहेर जाई. आगीची भीती मोठी होती, म्हणून बंगालच्या खेड्यांत रान्नाघर राहत्या घरापासून वेगळे उभारीत. केरळातील जुन्या नालुकेट्टु घरांत ते ईशान्येस, विहिरीला लागून असे. वाड्यांत ते माजघरापलीकडे, परसदाराजवळ असे. प्रत्येक ठिकाणी खोलीची रचना इंधन, पाणी आणि वारा यांनी ठरविलेली होती.

पुढे इंधन बदलले. द्रवरूप पेट्रोलियम वायूचा घरगुती वापर भारतात १९५५ साली मुंबईत सुरू झाला. २०१६ साली आरंभिलेल्या उज्ज्वला योजनेने तो खेड्यापाड्यांतील कोट्यवधी घरांत नेला. पण पुष्कळ घरांत शेगडी आली ती चुलीच्याच कोपऱ्यात, काजळलेल्या भिंतीपाशी आणि वीतभर खिडकीखाली. बसून करावयाचे काम उभ्याने होऊ लागले. फडताळे, कोनाडे आणि मोरी मात्र बसणाऱ्याच्याच सोयीच्या उंचीवर राहिली. जुन्या स्वयंपाकघरातील बहुतेक अडचणींचे मूळ या विसंगतीत आहे. म्हणून पुनर्रचना याचा अर्थ नवीन फरश्या आणि रंगीत कपाटे विकत आणणे असा नव्हे; नव्या अग्नीला अनुरूप अशी खोली घडविणे, असा आहे.

हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मृत्यू पावली. फुप्फुसांचे जुनाट विकार, हृदयविकार, मुलांमधील न्यूमोनिया आणि मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध जोडला गेला आहे. दुसरी गोष्ट श्रमांची. भारत सरकारच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणीत, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामी दररोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे आढळले. तेच काम करणाऱ्या पुरुषांचा आकडा ९७ मिनिटे होता. या वेळाचा मोठा वाटा स्वयंपाकघरात जातो. ज्या खोलीत एक व्यक्ती आयुष्याची अनेक वर्षे उभी असते, तिची रचना त्या व्यक्तीला न विचारता ठरविली जावी, ही मोठी विपरीत गोष्ट आहे.

२. हवा

पुनर्रचनेचा आरंभ हवेपासून करावा. चुलीच्या धुरावर भारतात पूर्वीच विचार झालेला आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ तयार झाली, आणि हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका प्रसिद्ध केली. दोन्ही प्रयत्नांमागील तत्त्व एकच होते. तापलेली हवा प्रसरण पावून हलकी होते व वर चढते. तिला उंच धुराड्याची वाट दिली, तर ती आपल्यामागे खालची हवा ओढून घेते. धुराडे जितके उंच आणि आतील हवा बाहेरच्यापेक्षा जितकी अधिक तप्त, तितकी ही ओढ अधिक. ज्या घरांत आजही लाकूड जळते, तेथे पुनर्रचनेचा पहिला खर्च धुराड्यावरच झाला पाहिजे.

वायूची शेगडी आली म्हणजे हवेचा प्रश्न संपला, ही समजूत बरोबर नाही. एक किलोग्रॅम वायू पूर्णपणे जळण्यास सुमारे १५ किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ १३ घनमीटर हवा लागते. या ज्वलनात सुमारे दीड किलोग्रॅम पाण्याची वाफ तयार होते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम वायू असतो. म्हणजे एक सिलिंडर संपेपर्यंत २० लिटरांहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने खोलीत सोडले जाते. भांड्यांतून निघणारी वाफ वेगळीच. कोंदट स्वयंपाकघरात भिंती ओलसर राहतात, बुरशी धरते, मिठाला पाणी सुटते, ते यामुळे. हवा अपुरी पडली तर ज्वलन अपूर्ण राहून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी आणि गंधहीन वायू तयार होतो. निळी ज्योत पिवळी पडून भांड्यांच्या बुडाला काजळी धरू लागली, तर बर्नर साफ करण्याची व हवा तपासण्याची वेळ आली असे समजावे.

खिडकी किती मोठी असावी, याचे उत्तर राष्ट्रीय इमारत संहितेत मिळते. उष्ण व दमट प्रदेशात खोलीच्या जमिनीच्या एक-षष्ठांश, मध्यम हवामानात एक-अष्टमांश आणि उष्ण व कोरड्या प्रदेशात एक-दशांश इतके क्षेत्र, दारे वगळून, खिडक्यांना व झरोक्यांना द्यावे. स्वयंपाकघरात त्यात २५ टक्क्यांची भर घालावी, असा तिचा दंडक आहे. समजा, कोकणपट्टीतील एखादे स्वयंपाकघर ३ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद आहे. जमिनीचे क्षेत्र ७.२ चौरस मीटर झाले. त्याचा सहावा हिस्सा १.२, आणि त्यात चतुर्थांश मिळविला म्हणजे १.५ चौरस मीटर. जुन्या खिडकीची मोजणी केली तर ती बहुधा याच्या निम्मीही भरत नाही.

केवळ एक छिद्र पुरेसे नसते. हवा बाहेर जाण्यास जशी वाट हवी, तशी आत येण्यासही हवी. आणि या दोन वाटा शक्य तर समोरासमोर, एक खाली व एक वर असाव्यात. हवा बाहेर टाकणारा पंखा शेगडीच्या बाजूला, छताजवळ बसवावा. दारे-खिडक्या घट्ट लावून असा पंखा चालविला तर तो गरगरतो, पण फारशी हवा हलवीत नाही. शेगडीवर बसविण्याच्या विजेच्या चिमणीबाबतही एक भेद ध्यानात ठेवावा. जिची नळी भिंतीबाहेर जाते, ती वाफ व वायू खरोखर बाहेर टाकते. जी हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडते, ती तेलाचे कण अडविते, परंतु वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड जेथल्या तेथेच राहतात.

३. उजेड

अंधाऱ्या स्वयंपाकघरात पहिला उपाय म्हणून बहुधा मोठा दिवा आणला जातो. वस्तुतः पहिला उपाय भिंतीत आहे. चांगला पांढरा चुना दिलेली भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत फेकते; मळकट, धुरकटलेली भिंत जेमतेम २० टक्के. हा फरक चौपट दिसतो, आणि तो प्रत्येक परावर्तनागणिक वाढत जातो. कारण परत फेकलेला प्रकाश समोरच्या भिंतीवर पडतो, तेथून पुन्हा परततो, आणि हा क्रम चालू राहतो. सर्व बाजूंनी पांढऱ्या अशा आदर्श बंद खोलीत १ + ०.८ + ०.६४ + … ही बेरीज ५ होते. धुरकट खोलीत १ + ०.२ + ०.०४ + … ही बेरीज केवळ १.२५ होते. प्रत्यक्षातील खोलीत खिडकी, कपाटे आणि माणसे असल्यामुळे इतका फरक पडत नाही. तथापि दिवा न बदलता उजेड दुपटीने वाढल्याचा अनुभव येणे अशक्य नाही. मात्र काजळी न खरवडता वर चुना दिला तर धुराचे पिवळे डाग थोड्याच दिवसांत वर येतात. म्हणून आधी भिंत खरवडून व धुऊन घ्यावी.

दिवसाच्या उजेडासाठी खिडकीच्या रुंदीइतकीच तिची उंची महत्त्वाची असते. खिडकीचा वरचा काठ जितका उंच, तितका आकाशाचा उजेड खोलीत खोलवर पोहोचतो. हा पल्ला त्या उंचीच्या साधारण दुपटीपर्यंत उपयोगी असतो. भारतीय मानकांनी स्वयंपाकघरासाठी दिवसा सुमारे २०० लक्स इतका प्रकाश अपेक्षिला आहे. लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक होय. पूर्वेची खिडकी सकाळचे कोवळे ऊन देते. उत्तरेची खिडकी दिवसभर सौम्य व स्थिर उजेड देते. पश्चिमेची खिडकी दुपारनंतर उष्णता आणते, म्हणून तिच्यावर रुंद छज्जा हवा. भिंत फोडण्यापूर्वी ती छपराचा भार वाहणारी आहे किंवा नाही, हे जाणकार अभियंत्याकडून पाहून घ्यावे. जुन्या मातीच्या वा दगडी भिंतीत तुळई न घालता खिडकी पाडणे म्हणजे घरच धोक्यात घालणे होय.

रात्रीच्या दिव्याची जागा हा बहुतेक घरांत चुकणारा भाग. छताच्या मध्यावर एकच दिवा असतो आणि ओटा भिंतीला लागून. काम करणारी व्यक्ती दिव्याकडे पाठ करून उभी राहते. तिची सावली नेमकी विळीवर, ताटावर आणि शेगडीवर पडते. दिवा अधिक शक्तीचा आणला तर सावली अधिकच गडद होते. उपाय असा की, एक दिवा ओट्याच्या पुढील काठाच्या बरोबर वर किंवा ओट्यावरच्या फळीच्या खालच्या बाजूस लावावा. दिवा जवळ आणल्याने आणखी एक लाभ होतो. लहान दिव्यापासूनचे अंतर निम्मे केले, तर पृष्ठभागावरील प्रकाश चौपट होतो. जुन्या ६० वॅटच्या तारेच्या दिव्याइतका प्रकाश आज ७ ते ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. त्यामुळे दोन-तीन ठिकाणी दिवे लावूनही विजेचा खर्च पूर्वीपेक्षा कमीच राहतो.

४. पावलांचा हिशेब

हवा आणि उजेड यांनंतर विचार करावयाचा तो हालचालींचा. विसाव्या शतकाच्या आरंभी कारखान्यांतील कामगारांच्या हालचालींचे मोजमाप सुरू झाले. अमेरिकेतील क्रिस्टीन फ्रेडरिक यांनी १९१२ च्या सुमारास तीच दृष्टी घरकामास लावली. पुढे १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन स्त्री-वास्तुशिल्पज्ञाने जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघराचा प्रसिद्ध आराखडा केला. त्याचा आकार अवघा १.९ मीटर × ३.४ मीटर होता. आगगाडीतील भोजनगृहाच्या डब्यात इतक्या थोड्या जागेत इतक्या माणसांचे जेवण कसे तयार होते, याचा तिने अभ्यास केला होता. असली सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बांधली गेली.

या विचारातून एक सोपा नियम पुढे आला. धान्य-भाजी साठविण्याची जागा, पाण्याची जागा आणि अग्नीची जागा हे तीन बिंदू धरून एक त्रिकोण काढावा. त्याच्या तीन बाजूंची बेरीज साधारणतः ४ ते ८ मीटरांच्या दरम्यान असावी. याहून कमी असेल तर कामात अडचण होते. अधिक असेल तर पाय दुखतात. समजा, जुन्या घरात पाण्याचा माठ एका टोकास, कोठी दुसऱ्या खोलीत व शेगडी तिसऱ्या कोपऱ्यात असल्यामुळे ही बेरीज ९ मीटर आहे, आणि फेरमांडणी करून ती ५ मीटर झाली. दिवसाकाठी अशा १०० फेऱ्या होत असतील, तर रोज ४०० मीटर आणि वर्षाकाठी १४६ किलोमीटर चालणे वाचले. मुंबई-पुणे रस्त्याची लांबी जवळजवळ इतकीच भरते; आणि हे अंतर पातेली, कळशी आणि पिठाचे डबे हाती घेऊन तोडलेले असते.

मात्र परदेशी आराखडा जसाच्या तसा उचलणे इष्ट नव्हे. फ्रँकफर्टचे स्वयंपाकघर एकाच व्यक्तीने काम करावे या हिशेबाने आखलेले होते. आपल्याकडील कुटुंबात सासू भाजी निवडत असते, सून पोळ्या लाटते, एखादा मुलगा ताटे मांडतो. सणावारी आणखी चार हात येतात. येथे अग्नी आणि पाणी यांच्यामध्ये निदान सव्वा मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे एकामागून एक दोन माणसे जाऊ शकतील. वृद्ध व्यक्तीस बसून करता येईल असे काम, उदाहरणार्थ निवडणे, सोलणे वा नारळ खवणे, खिडकीपाशी एका ठेंगण्या बैठकीवर व्हावे. जुन्या पद्धतीतील बसण्याची ही सोय टाकून देण्याचे काहीच कारण नाही.

डब्यांच्या मांडणीचे सूत्रही साधे आहे. दररोज लागणाऱ्या वस्तू गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात असाव्यात. जड वस्तू खाली, हलक्या वर. आणि वर्षातून दोनदा लागणारे पातेले माळ्यावर. मिसळणाचा डबा शेगडीच्या हाताशी, पोळपाट-लाटणे ओट्याच्या त्याच बाजूस, धुण्याची भांडी मोरीजवळ : वस्तू जेथे वापरली जाते तेथेच तिचे घर असावे.

५. ओटा : त्याची उंची आणि त्याचा दगड

ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीवर सोडू नये. उभे राहून हात कोपरात काटकोनात वाकविला असता कोपर जमिनीपासून जितक्या उंचीवर येते, त्याहून ५ ते १० सेंटिमीटर खाली ओट्याचा पृष्ठभाग असावा. १५२ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे कोपर सुमारे ९५ सेंटिमीटरांवर येते. तिला ८५ ते ९० सेंटिमीटर उंचीचा ओटा योग्य होईल. कणीक तिंबण्यास अंगाचा भार द्यावा लागतो, म्हणून ते काम याहूनही खाली सुकर होते. शेगडीला स्वतःची उंची असते आणि तिच्यावर पातेले चढते. त्यामुळे शेगडीखालचा ओट्याचा भाग १० सेंटिमीटरांनी खाली घेतल्यास उकळत्या भांड्यात डोकावण्यासाठी टाचा उंचवाव्या लागत नाहीत. ओटा उंच झाला तर खांदे आखडतात, ठेंगणा झाला तर कंबर दुखते; आणि एकदा बांधलेला ओटा वीस-तीस वर्षे तसाच राहतो.

दगडाची निवड हा रसायनशास्त्राचा विषय आहे. संगमरवर, कडप्पा आणि कोटा या तिन्हींत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. लिंबू, चिंच, कोकम, ताक यांतील आम्ले त्यावर क्रिया करतात. झळाळी जाऊन पांढुरके डाग उमटतात. ग्रॅनाइटवर या आम्लांचा परिणाम सहसा होत नाही. परंतु काळा ग्रॅनाइट प्रकाश शोषून घेतो; काळ्या ओट्यावर काळी मोहरी सांडली तर दिसत नाही. म्हणून आधीच उजेड कमी असलेल्या खोलीत फिकट करड्या छटेचा ग्रॅनाइट अधिक उपयुक्त ठरतो.

६. सिलिंडर, वीज आणि पाणी

सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर जमिनीच्या पातळीखालील खोलगट जागेत किंवा झडपबंद कपाटात ठेवू नये. ओट्याखाली ठेवल्यास त्या जागेला खाली व वर हवेची छिद्रे हवीत. सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडी त्याहून उंच असावी. रबरी नळी मुदतीत बदलावी आणि ती भिंतीतून किंवा बंद फळीमागून नेऊ नये. नळी डोळ्यांपुढे राहिली तरच तिची भेग दिसते.

विजेच्या बाबतीत जुनी घरे विशेष दुबळी असतात. २,००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्ट दाबावर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते. पाणी तापविण्याची १,५०० वॅटची किटली सुमारे ६.५ अँपिअर. दिव्यासाठी ओढलेल्या जुन्या तारेवर ६ अँपिअरच्या बिंदूतून या दोन्ही चालविल्या तर तार तापून आग लागण्याचा धोका असतो. मोठ्या उपकरणांसाठी १६ अँपिअरचे वेगळे बिंदू, खात्रीची भूजोडणी आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारे रक्षक-यंत्र या तीन गोष्टी अत्यावश्यक आहेत. बिंदू मोरीपासून दूर आणि ओट्यापासून हातभर उंचीवर असावेत.

७. कामाचा क्रम

पुष्कळ कुटुंबे खर्चाचा आरंभ ओट्यापासून व कपाटांपासून करतात. नंतर ध्यानात येते की खिडकी कपाटामागे गेली आणि मोरी शेगडीपासून दूर राहिली. वास्तविक क्रम उलट असला पाहिजे. प्रथम भिंत खरवडून चुना द्यावा आणि डबे-भांड्यांची फेरमांडणी करून महिनाभर वापरून पाहावी. यास जवळजवळ काहीच खर्च नाही. मग दिव्यांच्या जागा बदलाव्यात. तिसऱ्या पायरीस खिडकी, झरोका व पंखा. चौथ्या पायरीस पाण्याच्या नळ्या व विजेच्या तारा. ओटा आणि कपाटे सर्वांत शेवटी. पहिल्या दोन पायऱ्यांनीच गरज भागली, तर पुढचा खर्च पुढे ढकलता येतो. भाड्याच्या घरातील किंवा बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबासही या मार्गाने आपले स्वयंपाकघर सुधारता येईल.

स्वतः करून पाहण्यासाठी

(१) शेगडी बंद करून पेटलेली उदबत्ती प्रथम खिडकीशी, मग दाराशी आणि शेवटी छताजवळ धरावी. तत्पूर्वी वायूची गळती नसल्याची खात्री करून घ्यावी. धूर कोणत्या दिशेस वळतो आणि कोठे घोटाळतो, हे आराखड्यावर बाणांनी दाखवावे.

(२) संध्याकाळी दिवा लावून, ओट्यापाशी नेहमीप्रमाणे उभे राहून, ताटातील तांदळातले खडे निवडून पाहावेत. सावली कोठे पडते ते खडूने आखावे. दुसऱ्या व्यक्तीने हातदिवा पुढच्या बाजूस धरल्यावर होणारा फरक नोंदवावा.

(३) एका सुतळीने कोठी, पाणी आणि शेगडी या तिन्ही जागा जोडून तिची लांबी मोजावी. नंतर एक दिवसभर मुलांनी फेऱ्यांची मोजणी करावी आणि वर्षाचे अंतर काढावे.

(४) घरात स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीच्या कोपराची उंची मोजून भिंतीवर खुणा कराव्यात. सध्याचा ओटा कोणाच्या खुणेशी जुळतो, ते पाहावे. तो कोणाच्याच खुणेशी जुळत नसेल, तर नव्या ओट्याची उंची सर्वांत अधिक वेळ काम करणाऱ्या व्यक्तीला विचारूनच ठरवावी.